करवंटीतलं गूळपाणी

माणसाला बागेभोवती कुंपण घालायचं अजून सुचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. जास्वंदीशेजारच्या पेरूवर एक खार राहायची. जास्वंदीच्या फुलात खोलवर दडलेला थेंबभर मध चाखायला इवलीशी शिंजीर यायची आणि लगेच उडून जायची. दारी आलेली पाहुणी गूळपाणी न घेता जाते, हे खारीच्या मनाला फार लागायचं. म्हणून तिनं गुऱ्हाळातून गुळाचा खडा पळवला, करवंटीत पाण्यात कालवला आणि करवंटी पेरूच्या फांदीत अडकवली.

"इतकं उघड्यावर नको गं ठेवूस," जास्वंद म्हणाली.

"तुझ्यासारखा चिक्कूपणा मला नाही जमत," खार फणकारली.

शिंजीर हरखली. तिनं त्याच फांदीला घरटं टांगलं. यथावकाश पिल्लं झाली.

एका सकाळी खार ताजं गूळपाणी घेऊन आली आणि जागीच थिजली. करवंटीपासून थेट घरट्यापर्यंत लाल मुंग्यांची रांग लागली होती. घरट्यातून चिवचिव येत नव्हती. शिंजीर समोरच्या फांदीवर नुसती बसून होती.

"मी फक्त तुझ्यासाठी ठेवलं होतं गं," खार कशीबशी म्हणाली.

जास्वंदीनं हलकेच विचारलं, "मी मध इतका खोल का ठेवते, असं वाटलं होतं तुला?"