तुलनेचा पाडा

"म्हणजे मी चुकलो का, आबा? एवढं एकच सांगा."

आबा ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीरंग टिपणीस खालच्या पायरीवर बसला होता. पुण्यात त्याची नावाजलेली संस्था होती. काम काय, तर इतरांनी केलेलं समाजकार्य खरंच लागू पडलं की नाही, ते मोजून द्यायचं. दुसऱ्याच्या पुण्याची मापं काढून पोट भरतो, असं त्याची आई म्हणायची. पण माप मात्र चोख. ही विद्या त्याला आबांनी दिली होती. पुढे आबा एक दिवस सगळं सोडून डोंगरातल्या या पाड्यात येऊन राहिले. म्हातारपणी शांतता हवी असेल, असं श्रीरंग सगळ्यांना सांगायचा.

"पुन्हा सांग," आबा म्हणाले.

श्रीरंगने पुन्हा सांगितलं. डोंगरापलीकडचे दोन पाडे. एका पाड्यातल्या पोरांना रोज खिचडी आणि औषध. दुसऱ्यातल्या पोरांना काही नाही, फक्त दर महिन्याला वजन. तो तुलनेचा पाडा. काहीच न मिळालेली पोरं शेजारी असल्याशिवाय खिचडीचा गुण सिद्ध कसा करणार?

"हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं."

तो अभ्यास गाजला. श्रीरंगचं नाव झालं, देशोदेशीची बोलावणी आली. आता तसल्याच, पण त्याहून मोठ्या अभ्यासाचं काम दारात येऊन उभं होतं. उद्या होकार कळवायचा होता. त्याआधी आबांच्या पाया पडावं म्हणून तो निघाला, आणि वाटेत काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने गाडी तुलनेच्या पाड्यात वळवली. अभ्यास संपल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता.

गाडी दिसताच बायकांची धांदल उडाली. पोरांना घाईघाईने आंघोळी घातल्या, डोळ्यांत काजळ भरलं, सणाचे कपडे चढवले. पूर्वी ज्या मोहाच्या झाडाला वजनाचा काटा टांगायचे, त्याच्याखाली रांग लागली.

"त्यांना वाटत होतं..." श्रीरंगने पायरीवर पडलेलं एक टरफल उचललं. "त्यांना वाटत होतं, वजन करणं हेच औषध आहे."

आबांनी एक शेंग सोलली.

"एक म्हातारी म्हणाली, साहेब, तुम्ही यायचं बंद केलंत आणि पोरं सुकली. आणि लखमी म्हणून एक बाई होती... तिच्या कडेवर कुणी नव्हतं. म्हणाली, माझ्या पोरीला मी काट्यावर आणायचं कधी चुकवलं नाही. तापात पण आणली. मग ती कशी गेली?"

आबांनी टरफलं बाजूला सारली.

"मग तू काय केलंस?"

"काटा गाडीतच होता..."

"मग?"

"वजनं केली."

"आकडे टिपलेस?"

श्रीरंगने मान खाली घातली. "सवयीने."

मग तो एकदम उसळला. "परवानगी होती, आबा! घरोघरच्या बायकांचे अंगठे घेतले होते. आणि त्या अभ्यासामुळे पुढे कितीतरी पाड्यांत खिचडी शिजायला लागली, ते का नाही धरत तुम्ही?"

"त्या पाड्यात लागली?"

श्रीरंगने हातातलं टरफल मोडलं.

"लागली का?"

"नाही. नव्या कामात तो पाडा पुन्हा तुलनेलाच ठेवलाय. मागचे आकडे तयार आहेत ना..."

बोलता बोलता त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"पण मी तो पाडा बदलून घेतो. उद्याच. तेवढा माझा शब्द चालतो."

"घे बदलून. त्याच्या जागी कुठला धरशील?"

श्रीरंगने मनात एकेक पाडा आठवून पाहिला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करेल," तो हळूच म्हणाला. "त्याला तर हे टोचणारही नाही."

"खरं आहे."

आबा रागावतील, निदान वाद घालतील, अशी त्याला आशा होती. तीही गेली. त्याला रडावंसं वाटलं. डोळे लपवायला म्हणून त्याने वर पाहिलं, तर आढ्याला काटा टांगलेला. जुना, झोळीचा. काट्याला शेंदूर फासलेला, वर झेंडूची सुकलेली माळ.

"आबा, हे काय?"

जन्मात कधी देवापुढे दिवा न लावलेला माणूस हा.

"मी पुसतो," आबा म्हणाले. "बाया पुन्हा लावतात."

"कुठल्या बाया?"

"इथल्याच."

श्रीरंगने त्या काट्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"म्हणजे हा पाडा..."

"माझा. तुलनेचा. तुझ्या जन्माआधीचा."

"मग त्यांना सांगितलं नाहीत, नुसत्या काट्याने काही होत नाही म्हणून?"

"घरोघर जाऊन सांगितलं. आता खिचडीही घालतो, हे वाल त्यासाठीच." आबांनी दाणे पातेल्यात टाकले. "जगलेलं पोर काट्यानं जगवलं, असंच त्या म्हणतात."

"आणि... न जगलेलं?"

"त्याची आई म्हणते, माझंच काहीतरी चुकलं असेल."

एवढ्यात एक बाई वर आली. कडेवर न्हाऊ घातलेलं, काजळ भरलेलं पोर. तिने आधी काट्याला हात जोडले. आबांचे हात शेंगांत होते. त्यांनी श्रीरंगला नुसती खूण केली.

श्रीरंगने पोराला झोळीत घातलं. पोर रडलंसुद्धा नाही. शिकवल्याप्रमाणे डोळे काट्याच्या रेषेत आणून, श्वास रोखून त्याने आकडा वाचला. तो त्याला आधीच कळायला हवा होता, इतकं ते पोर हाताला हलकं लागलं होतं.

बाईचं लक्ष काट्याकडे नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"साहेब, आता बरं व्हईल ना माझं पोर?"

श्रीरंग आबांकडे वळला.

आबांनी पुढची शेंग उचलली.

"माझ्याकडे काय बघतोस? तिनं तुला विचारलंय."