ओट्यावरची पंगत

"सांगा बाबा, या मल्हारीला घरी कधी धाडायचं?"

चिदंबरनं हे विचारलं तेव्हा त्याच्या धोतरावर आमटीचे शिंतोडे होते. डोंगराच्या कुशीतल्या त्या लहानशा मठात शिकायला राहणारी मुलं तोच सांभाळायचा. मठाची शिस्त आपल्यामुळेच टिकून आहे असं या थोरल्या शिष्याला मनापासून वाटे, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

रामगीर बाबा चुलीपाशी बसून स्वयंपाकीण गौराक्काच्या भाजलेल्या पायावर गार पाणी ओतत होते.

झालं होतं ते असं.

अमावास्येला मुलांच्या घरची माणसं मठात भेटायला येत. त्या दिवशी पंगतीत ज्यानं त्यानं आपल्या मुलाला आपल्या हातानं वाढायचं, अशी तिथली चाल. मल्हारीला आई-बाप नव्हते. मामा त्याला इथं सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. दर अमावास्येला पोरगं सकाळपासून पायवाटेकडे डोळे लावून बसायचं.

आज सगळ्यांचं वाढून झालं. मग शेवटी आमटीची बादली घेऊन चिदंबर त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, "ज्याचं कुणी आलं नाही, त्याला मी वाढतो."

चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा. पण भर पंगतीत, मोठ्यांदा म्हणाला.

मल्हारीनं बादलीला लाथ मारली. कढत आमटी भाकऱ्या घेऊन चाललेल्या गौराक्काच्या पायावर सांडली.

बाबांनी तिच्या पायावर ओला पंचा घातला, आणि ते उठून पंगतीत आले. मल्हारी भिंतीला टेकून, मुठी आवळून उभा होता. सगळे बघत होते.

"आमटी पुसून काढायची," बाबा म्हणाले. "गौराक्काची माफी मागायची. तोवर पंगतीत बसायचं न्हाई. भायेर वट्यावर बसायचं."

"न्हाई पुसणार."

"बरं. मग वट्यावर."

पोरगं पाय आपटत बाहेर गेलं. चिदंबरचा जीव भांड्यात पडला. बाबांनी एकदाचं कडक व्हायचं ठरवलं, असं त्याला वाटलं.

बाबा आपल्या पाटापाशी गेले... पाट ओलांडला... आणि तेही बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

आता आली पंचाईत. बाबांनी पहिला घास घेतल्याशिवाय मठात कुणी ताटाला हात लावत नसे. पानं वाढलेली, आणि लांबून आलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेली.

चिदंबर धावत बाहेर आला. लोक खोळंबलेत, म्हणाला.

"गौराक्काला बाजेवर बसव, तिच्या हातात भाकरी दे," बाबा म्हणाले. "पयला घास आज तिचा."

चिदंबरनं तसं केलं, पण त्याला राहवेना. तो पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला.

ओट्यावर मल्हारी बाबांकडे पाठ करून बसला होता. त्यानं एक दगड उचलला आणि दाराच्या दिशेनं हात उगारला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"दगड न्हाई."

"सोडा."

"दगड टाक, सोडतो."

पोरानं तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. मामाला दिल्या, चिदंबरला दिल्या, बाबांनाही दिल्या. बाबांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या, मनगट मात्र सोडलं नाही. शेवटी दगड खाली पडला. बाबांनी लगेच हात सोडला.

मग मल्हारी रडला. अगदी हुंदके देऊन रडला. बाबांनी त्याला जवळ ओढलं नाही की समजूत घातली नाही. ते तिथंच बसून राहिले.

...

आतून भाताचा वास येऊ लागला.

"तुमास्नी भूक न्हाई व्हय?" मल्हारीनं नाक पुसत विचारलं.

"हाय की. लई लागलीया."

"मग जावा की जेवाया."

"हितं बरं हाय."

...

पोरगं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलं. मग उठलं. कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि कुणाकडे न बघता आत गेलं.

चिदंबरला आता त्याची दया आली. सांडलेली आमटी दूरवर पसरली होती. तो फडकं घ्यायला पुढे झाला, तशी बाबांनी ओट्यावरूनच नुसती नकारार्थी मान हलवली. चिदंबर जागच्या जागी थांबला.

मल्हारीनं जमीन पुसली. दोनदा पाणी बदललं. मग तो गौराक्काच्या बाजेपाशी जाऊन उभा राहिला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. गौराक्कानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आपल्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडून ती स्वतः त्याला वाढू लागली.

चिदंबर ओट्यावर बाबांच्या समोर येऊन बसला. डोळे भरून आले होते, पण मनातलं कोडं सुटत नव्हतं.

"बाबा, एक कळलं नाही. शिक्षा करायची तर करावी, माफ करायचं तर माफ करावं. आपणच त्याला बाहेर बसायला लावलं... मग आपणच का उठून आलात?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

"भायेर बसायचं ठरलं हुतं, चिदंबरा. एकट्यानं बसायचं कवा ठरलं?"