नुसतं बसायची मजुरी

"पौर्णिमेपर्यंत लेकीची दोन पायली ज्वारी पोचली नाही, तर तुरुंग!" राजा रणधवलाने निकाल दिला. "आणि ज्वारी स्वतःच्या कमाईची हवी. उसनी, भिकेची, चोरीची चालणार नाही!"

सटवाजी माळ्याने हात जोडले. "पण महाराज, मला काम करायची बंदी तुम्हीच केलीत!"

"ती आहेच!"

झालं होतं असं. राजाने स्वतः लावलेल्या झाडाचा पहिला आंबा सटवाजीला चाखायला दिला. कसा आहे, विचारलं. सटवाजी म्हणाला, "आंबट." त्याच दिवशी त्याची बागेतली चाकरी गेली. वर हुकूम सुटला: वर्षभर याला कुणी काम द्यायचं नाही आणि याने उगवतीपासून मावळतीपर्यंत राजवाड्यासमोरच्या पारावर हात बांधून नुसतं बसायचं.

तीन महिने तो बसला. घरातलं धान्य संपलं. त्याची बायको धुरपा काडीमोड घेऊन माहेरी राहत होती, पाच वर्षांची बायजा तिच्याजवळ. लेकीसाठी महिन्याला दोन पायली द्यायच्या, असं पंचांनी ठरवलेलं. या खेपेला त्या पोचल्या नाहीत. धुरपा दरबारात येऊन एवढंच म्हणाली, "यांना कोंडा असं मी म्हणत नाही. पण पोर रोज जेवते!"

चिमाबाई ही बागेची मुकादम. सटवाजी बारा वर्षं तिच्या हाताखाली राबलेला. पौर्णिमेच्या सकाळी ती काखेत हजेरीची वही मारून दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझ्या माणसाची तीन महिन्यांची मजुरी थकलीय."

"कुठल्या माणसाची?"

"सटवाजीची."

"त्याला मी काढून टाकलाय!"

"बागेतून काढलात. पारावर नेमलात! तिथं बसायचा हुकूम कुणाचा?"

"माझा."

"तो उठला असता तर?"

"फटके खाल्ले असते!"

"मग तुमच्या हुकमाने बसणारा चाकर कुणाचा?"

राजाने मिशीवरून हात फिरवला. "आणि काम काय केलं त्याने?"

"सांगितलं तेच. बसला. मी रोज हजेरी घेतली, एक खाडा नाही. नाकावर माशी बसली तरी बांधलेला हात सोडला नाही!"

"खरं आहे, महाराज," दारावरचा पहारेकरी म्हणाला. "माशी मी हाकलली."

"अगं, पण नुसतं बसायची मजुरी देतं कोण?"

चिमाबाईने राजाच्या डाव्या हाताला पाहिलं. तिथे अकरा सरदार बसले होते.

"तुम्हीच देता की, महाराज! आणि हे तर लोडाला टेकून बसतात!"

अकराही सरदारांनी राजाच्या तोंडाकडे पाहिलं. मग राजा पोट धरून हसला. त्याचं हसणं खरं आहे याची खात्री झाल्यावर सरदारही हसले.

"तीन महिन्यांची मजुरी आत्ता मोजा!" राजा म्हणाला. "बायजाची ज्वारी आजच पोचवा. सटवाजी उद्यापासून पुन्हा बागेत! चिमाबाई, तुला काय बक्षीस हवं?"

"मला काही नको, महाराज. त्याला तेवढी उद्याची सुट्टी द्या. बसून बसून माणूस पार दमलाय!"