राहीआईचा उकिरडा

निंबदऱ्यात हल्ली रोज सकाळी घंटागाडी येते, गाणं वाजवत. ही गोष्ट त्या गाडीच्या फार वर्षांपूर्वीची. इतकी जुनी, की गावात तेव्हा सायकलसुद्धा आली नव्हती आणि प्लास्टिक हा शब्द कुणाच्या बापानंही ऐकला नव्हता. पण केर होता. माणूस आहे तिथं केर असायचाच.

निंबदरा म्हणजे आठवडी बाजाराचं गाव. खेडं म्हटलं तर गावकऱ्यांना राग यायचा आणि शहर म्हटलं तर शहरातली माणसं हसायची. बाजारतळाच्या मागं गावाचा मोठा उकिरडा होता आणि त्याच्या कडेला कुडाच्या खोपटात राही नावाची बाई राहायची. ती कुठून आली, कुणाची कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे तिला राहीआई म्हणायचे.

पहाटे ती पाटी घेऊन आळीआळीतून फिरायची, घरोघरचा केर आणायची आणि दिवसभर निवडत बसायची. आपण तांदूळ निवडतो ना, तशी. राख एकीकडं, ती भांडी घासायला जायची. चिंध्या एकीकडं, त्यांच्या वाकळी व्हायच्या. फुटक्या बांगड्या कासार न्यायचा, मोडकं लोखंड लोहार न्यायचा, खापऱ्या कुटून चुन्यात घालायला गवंडी न्यायचा. उरलेलं खरकटं, शेण, पत्रावळी खड्ड्यात. वर्षानं त्या खड्ड्यातून काळंभोर खत निघायचं, आणि ज्याला हवं त्यानं गाडी भरून न्यावं. बायकांना तिचं एकच सांगणं असे, "बायांनो, एकात एक कालवू नका गं. येगळं ठिवलं की समदं कामाचं हाय, कालवलं की निस्ती घाण."

तिच्या उकिरड्याला कधी वास आला नाही, असं म्हणतात. थंडीत त्यातून वाफ निघायची आणि गावातली म्हातारी कुत्री तिथं शेकायला जायची. तिथं नाग राहायचा, पण तो तिच्या पाटीखाली वेटोळं घालून झोपायचा, असंही म्हणतात. खरंखोटं नागाला ठाऊक.

आणखी एक गोष्ट होती. केर निवडणाऱ्या बाईपासून घरातलं काय लपून राहणार? गळ्यात तुळशीची माळ घालून चारचौघांत मांसाहाराला नावं ठेवणाऱ्या विठूतात्यांच्या केरात दर बुधवारी सुकटीची डोकी निघायची. कुणाच्या केरात दारूच्या बाटलीचं बूच, कुणाच्या केरात दोन दिवस चुलीची राखच नाही. राहीआई सगळं बघायची आणि कुणाच्या नजरेस पडायच्या आधी वरून मूठभर राख टाकायची. उभ्या जन्मात तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही.

आता त्या काळची रीत ऐका. ज्या बाईची मुलं जगत नसत, तिचं नवं बाळ फुटक्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे. घरच्यांनी तोंड फिरवून उभं राहायचं. राहीआई तीनदा विचारायची, "हे कुणाचं?" तीनदा कुणी उत्तर द्यायचं नाही. एक शब्द जरी निघाला तरी रीत मोडली. मग ती म्हणायची, "कुणाचं न्हाई, तर माझं," आणि बाळ उचलायची. मग आईनं मूठभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. टाकलेल्या पोराकडं मृत्यू वळून बघत नाही, अशी समजूत. अशा मुलाचं नाव केरू, नाहीतर केरबा.

गावातल्या मनकर्णेची चार मुलं गेली आणि पाचवा असाच उकिरड्यावरून उचलला गेला. या गोष्टीतला केरबा तो हाच. तो जगला, वाढला, बाजारात धान्याची आडत घालून बसला आणि बघता बघता गावातला मोठा माणूस झाला. राहीआई वाटेत दिसली की हाक मारायची, "केरू, जेवलास का रं?" लहान होता तोवर तो धावत जायचा. मिसरूड फुटल्यावर नुसती मान हलवायला लागला. पुढं पुढं वाट बदलून जायला लागला. आडतीवर नावाची पाटी लावली, तिच्यावर लिहिलं, केशवराव.

केशवरावांच्या मुलीची, अनशीची सोयरीक मोठ्या शहरातल्या घरी जुळली. सुपारी फोडायला पन्नास माणसं आली. पंगत उठल्यावर राहीआई नेहमीसारखी पत्रावळी न्यायला मागच्या दारानं आली. ओसरीवर केरबा नवा फेटा बांधून व्याह्यांशेजारी बसला होता. तिचं मन भरून आलं. ती म्हणाली, "केरू, लेका, फेटा लई शोभतोय रं तुला."

व्याही वळले. "केरू कोण? आणि ही बाई कोण?"

केरबाची कानशिलं तापली. एक शब्द पुरला असता. पण तो हसला आणि म्हणाला, "कुणी नाही हो. उकिरड्यावरची वेडी आहे. कुणालाही काहीही म्हणते."

राहीआईनं पत्रावळी गोळा केल्या, सांडलेली शितंसुद्धा वेचली आणि गेली. केरबाच्या घशाखाली त्या दिवशी लाडू उतरला नाही.

माणसानं अशा वेळी काय करावं? जाऊन पाय धरावेत. पण लाजेची खोड वाईट असते. ज्याच्यापुढं मान खाली जाते, ते माणूसच डोळ्यांसमोर नको वाटतं. केरबाला आता बाजारतळावरून जाववेना. आठ दिवसांत त्यानं चावडीवर विषय काढला. म्हणाला, "बाहेरगावची माणसं येतात, गावाच्या मध्यावर उकिरडा बरा दिसत नाही. ज्यानं त्यानं आपला केर पलीकडच्या ओढ्यात टाकावा." वाटलं होतं कुणीतरी अडवेल. कुणी अडवलं नाही. ज्याला त्याला आपल्या घरच्या केरातली डोकी आणि बुचं आठवली. सगळ्यात आधी मान कुणी हलवली, तर विठूतात्यांनी. खोपट पाडलं. राहीआई आपली पाटी आणि फुटकं सूप घेऊन म्हसोबाच्या माळावर जाऊन राहिली. जाताना तिला थांब म्हणायला एकही दार उघडलं नाही. निंबदरेकर हे आजही सांगताना आवाज खाली घेतात.

मग जे व्हायचं तेच झालं. ओढ्यात राख, काच, खरकटं, चिंध्या, सगळं एकात एक पडायला लागलं. गुरं पाण्यावर जायची ती पायात काच घेऊन यायची. पुढं केरानं पाणीच बुजलं, कुणीतरी चुलीतली निखाऱ्याची राख तशीच चिंध्यांवर ओतली आणि ओढा आतून पेटला. ज्वाळा नाही, नुसता धूर. घागरींनी पाणी ओतलं तरी विझेना. तो धूर तीन वर्षं निघत होता, असं म्हणतात. गावात भाकरीला धुराचा वास, अंथरुणाला धुराचा वास. आणि जो तो म्हणायचा, मी टाकलं नाही, शेजाऱ्यानं टाकलं.

त्या तीन वर्षांत अनशीची दोन बाळं महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी ती माहेरी आली. मुलगा झाला, अगदी मुठीएवढा. पाचव्या दिवशी त्यानं दूध सोडलं. अनशी बापाला म्हणाली, "आबा, याला उकिरड्यावर घाला."

"उकिरडा कुठं आहे आता, पोरी?"

"मग ज्या बाईनं तुम्हाला उचललं, तिच्याकडं न्या," अनशी म्हणाली. "तुम्ही जगलात ना?"

केरबानं सूप घेतलं, त्यात नातू ठेवला, उपरण्याच्या टोकाला मूठभर कोंडा बांधला. दिवस उगवत होता आणि सोमवारचा बाजार भरत होता. भर बाजारातून, फेटा न बांधता, सूप छातीशी धरून तो चालला. सगळं गाव बघत होतं. तो कुठं चाललाय हे सगळ्यांना कळलं आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना.

माळावर राहीआई बसली होती. वाऱ्यानं उडून आलेल्या चिंध्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"ठिवा खाली," ती म्हणाली. "त्वांड फिरवा."

केरबानं सूप ठेवलं आणि पाठ केली.

"हे कुणाचं?"

तो गप्प राहिला.

"हे कुणाचं?"

तो गप्प राहिला. बाळ मांजरीच्या पिलासारखं बारीक रडलं. तिसरा सवाल लवकर येईना. मग मागून आवाज आला, "आन् हा पाठमोरा हुबा हाय, हा कुणाचा?"

बोलावं तर रीत मोडते, नातू हातचा जातो. गप्प राहावं, तर ओसरीवर केलं तेच पुन्हा. त्याला आपलं ते हसणं आठवलं, अगदी दातांसकट. आणि साठीच्या माणसाचे गुडघे वाकले. मातीत बसून तो म्हणाला, "तुझा गं, आई. तुझाच. मी भर ओसरीत खोटं बोललो."

मग म्हातारीनं बाळ उचललं. "तुमी माझे," ती म्हणाली, "तर मंग हे बी माझंच की. इचारायचं काय त्यात?"

बाळानं तिच्या अंगाला नाक लावलं आणि त्याला भूक लागली, असं म्हणतात. केरबानं उपरण्याची गाठ सोडली. तिनं कोंड्याकडं बघितलं. "कोंड्यावर न्हाई भागायचं आता, केशवराव. वढ्यात उतरा. गावाचा केर तुमच्या हातानं येगळा करा. मी दावीन."

दुसऱ्या दिवशी केरबा धोतर खोचून धुरात उतरला. काठावर गाव जमलं, काही जण हसले. राहीआई काठावर बसून बोट दाखवायची, केरबा उपसायचा. एकेक वस्तू वर धरून तो विचारायचा, "हे कुणाचं?" कोण कशाला बोलतंय! ज्याची त्याला ओळख पटायची आणि मान दुसरीकडं वळायची. दुपारपर्यंत असंच चाललं. मग त्यानं एक मडकं उपसलं, काठोकाठ सुकटीच्या डोक्यांनी भरलेलं. "हे कुणाचं?"

विठूतात्या पुढं झाले. गळ्यातली माळ हातात घट्ट धरली होती, चेहरा लालबुंद. "माझं हाय," ते म्हणाले. "वीस वर्षांची सवय हाय. आन् ही बाई वीस वर्षं त्याच्यावर राख टाकत आली, आन् तिचं खोपट पाडायला आधी मान म्या हलवली." एवढं बोलून ते म्हातारं खोड ओढ्यात उतरलं. मग एक बाई उतरली, "त्या बांगड्या माझ्या." मग दुसरी. संध्याकाळपर्यंत काठावर कुणी उरलं नव्हतं.

चाळीस दिवस काम चाललं. चाळिसाव्या दिवशी राहीआईनं तळाशी वाकून धगधगत्या राखेवर हात ठेवला आणि म्हणाली, "निज आता." राख निवली आणि खालून पाण्याचा पाझर फुटला, असं म्हणतात. उकिरडा पुन्हा बाजारतळामागं आला, गावानं नवं खोपट बांधलं. पण ती त्यात एकच रात्र राहिली. सकाळी तिथं फुटकं सूप होतं आणि सुपातून दुधी भोपळ्याचा वेल निघून छपरावर चढला होता, पांढऱ्या फुलांनी भरलेला. ती मेली असं कुणी म्हणत नाही. तिचं प्रेत कुणी पाहिलं नाही.

हे माळावरचं बोलणं गावाला कसं कळलं? केरबानंच सांगितलं. नातू मोठा झाला, त्याला मिशा फुटल्या, तरी केरबा दरवर्षी चावडीवर बसून स्वतःच्या तोंडानं सगळं सांगायचा, ते हसणंसुद्धा. आडतीवरच्या पाटीवरचं नाव त्यानं पुसलं होतं. पण एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज फुटायचा. त्या चाळीस दिवसांत तो रोज वाट बघायचा, की ती एकदा तरी पूर्वीसारखी हाक मारेल. तिनं पाणी दिलं, भाकरी दिली, हाताला काच लागली तर चिंधी बांधली. पण शेवटपर्यंत म्हणाली, "घ्या, केशवराव." एकदाही केरू म्हणाली नाही.

इतर गावांत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सूप वाजवून अवदसा वेशीबाहेर घालवतात. निंबदऱ्यात वेशीबाहेर काही टाकत नाहीत. सगळं गाव घरोघरचा केर घेऊन भोपळ्याच्या वेलापाशी जमतं. त्या वर्षी ज्याचा गावात सगळ्यात मोठा मान, तो सरपंच असो, डॉक्टर असो, त्यानं डोक्यावरची टोपी नाहीतर फेटा काढायचा, पहिली पाटी वर धरायची आणि विचारायचं, "हे कुणाचं?" पहिल्यांदा कुणी बोलत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की सगळं गाव खालच्या मानेनं म्हणतं, "आमचं."

मग तो पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागतो, आणि वेलाखाली बसलेली गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला हाक मारते, "ये रं केरू. जेवलास का?"