मुराळ्याने तपासलेली वाट

एकदा एका डोंगराळ मुलखाचा नकाशा तिथल्याच माणसांनी हौसेने मोबाइलवर रेखायला घेतला. कोणी विहीर नोंदवली, कोणी पाऊलवाट. या नोंदी कितपत विश्वासार्ह, हे पारखण्याचे काम एका वृद्ध नकाशाकाराने आपल्या शिष्याकडे सोपवले. कारण पावसाळ्यात आरोग्यसेविका याच नकाशावर विसंबून औषधे नेणार होती.

धुरपदाबाई नावाच्या बाईंच्या साठ नोंदी शिष्याला अचूक आढळल्या. एकसष्टावी मात्र विपरीत. उपग्रहाच्या चित्रात जिथे नुसते रान दिसे, तिथे पलीकडच्या वाडीची वाट त्यांनी उभ्या कड्यावरून सुतासारखी सरळ ओढली होती.

"गुरुजी, जिची वाट कड्यावरून जाते, तिच्या बाकीच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा? साऱ्याच काढून टाकतो."

वृद्धाने ती रेषा न्याहाळली. "तिचं माहेर कुठलं, विचारलंस?"

"तसा रकानाच नाही."

"मग विचार. आणि तपासनीस म्हणून जाऊ नकोस. मुराळी म्हणून जा."

लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. त्याचा या पारखणीशी संबंध काय, हे शिष्याला उमगेना. तरी तो गेला.

धुरपदाबाईंनी त्याला आपादमस्तक पाहिले. "चष्मेवाला मुराळी पहिल्यांदाच बघतेय. त्या वाडीत माझं माहेर, बाबा. भाऊ गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून न्यायला कुणी आलं नाही. न बोलावता कसं जायचं?"

"न्यायलाच आलोय, आक्का."

पदर खोचून त्या निघाल्या. हातातल्या मोबाइलवर पावलांमागून रेषा उमटत गेली. कड्याला वळसा, मग ओढा, पुन्हा वळसा. वाडी दिसली तेव्हा उन्हे कलली होती. त्या नागमोडी रेषेकडे त्या बघत राहिल्या.

"एवढी लांब होती होय," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "असू दे वाकडी. पोचते तरी."

शिष्य परतल्यावर वृद्ध म्हणाला, "अज्ञानाची चूक चहूकडे विखुरते, ओढीची चूक एकाच दिशेला झुकते. जात्यावरच्या ओवीत माहेर कधी लांब असते का? पण सेविकेला ओवीवरून चालता येत नाही. वाट दुरुस्त व्हायलाच हवी होती, मात्र तिच्याच पावलांनी."

शिष्याने साठही नोंदी राखल्या. एकसष्टाव्या रेषेपुढे त्याने शेरा लिहिला, 'चालून पाहिली.'

दिवाळीला तो पुन्हा धुरपदाबाईंच्या दारी गेला. तेव्हा तपासण्यासारखे काहीच उरले नव्हते.