हैबतीची काठी

कुसळवाडी नावाच्या गावात सुभाना नावाचा एक गवंडी राहत होता. हात कसबी, नजर तिखट आणि नाक त्याहून वर. गावाशेजारून एक ओढा वाहायचा, पण त्याचे पाणी साठून राहायचे नाही. होळी सरली की त्यात नुसती वाळू उरायची आणि बायका हंडे घेऊन दोन दोन टेकड्या तुडवायच्या. शेवटी गावाने ठरवले, ओढ्यावर बांध घालायचा.

बांध घालणे म्हणजे काही घराची भिंत उचलणे नव्हे. पण डोंगरापलीकडे एका जुन्या नगराचे अवशेष होते. राजे गेले, वाडे पडले, देवळांच्या शिखरांवर पिंपळ उगवले. तिथले तळे मात्र भर वैशाखातही पाणी धरून असे. त्या तळ्याचा बांध पाहून यायला गावाने सुभानाला धाडले.

नगराच्या वेशीत हैबती नावाचा म्हातारा वाटाड्या बसायचा. आल्यागेल्याला तो अवशेष दाखवी. हातात लांब काठी, आणि त्याचा नेम एकच: काठी जिकडे, नजर तिकडे. मध्ये बोलायचे नाही.

"चला पावनं, समदं दावतो," हैबती म्हणाला.

"डोळं हायेत मला, बाबा," सुभाना म्हणाला. "दगडाचं मला कुणी काय सांगावं?"

तो एकटाच फिरला. बांधाची लांबी-रुंदी दोरीने मापली, दगडात दगड कसा गुंतवला आहे ते निरखले. एका टोकाला बांधाचे वरचे थर नव्हते, बैलगाडी जाईल एवढे खिंडार होते. एवढे राज्य बुडाले तिथे चार दगड ढासळले तर नवल काय, असे म्हणून तो पुढे गेला.

उन्हाळाभर गाव राबले. बांध उभा राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. खिंडार कशाला ठेवील? सुभाना काय कच्चा गवंडी होता? पावसाळ्यात तळे भरले, लोकांनी नारळ फोडला. पण पाणी चढतच राहिले. ते बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले आणि बघता बघता बांध मधोमध फुटला. खालची उभी पिके वाहून गेली. माणसे वाचली, हेच नशीब.

सुभानाला कोणी तोंडावर बोलले नाही. त्याचेच त्याला जास्त लागले. आता गंमत पाहा. ताठ माणूस एकदा तोंडघशी पडला की नुसता वाकत नाही, पार लोळण घेतो. दिवाळीनंतर सुभाना पुन्हा नगराला गेला आणि हात जोडून हैबतीपुढे उभा राहिला. "माझं चुकलं, बाबा. तुमी म्हणाल तसं."

हैबतीचा आवाज गोड होता. काठी फिरू लागली. इथे राजा बसे, इथे हत्ती झुलत. तळ्यापाशी येऊन म्हातारा म्हणाला, "ह्यो बांध काय केल्या टिकंना. मग राणीनं अंगावरचं समदं सोनं ह्याच्या बुडाशी पुरलं. तवापास्नं दगूड हालला न्हाई." सुभानाची नजर खिंडाराकडे गेली. विचारावे असे त्याच्या मनात आले. पण काठी देवळाकडे वळली होती. आपल्या शहाणपणाने एकदा गाव बुडाले तेवढे पुरे, म्हणून त्याने मुकाट्याने मान वळवली.

गावात येऊन त्याने राणीची गोष्ट सांगितली. पाण्यासाठी माणूस काय देणार नाही? ओढ्याकाठी चादर अंथरली गेली. कुणी बोरमाळ काढली, कुणी बुगड्या. लेकीच्या लग्नासाठी जपलेले, आईची आठवण म्हणून ठेवलेले, सगळे चादरीवर येऊन पडले. सुभानाची बायको तुळजा हिनेही नाकातली नथ काढली. पण मूठ काही उघडेना.

"अवो," ती म्हणाली, "बुडाशी सोनं हाय, हे तुमी बघितलं का?"

"न्हाई. बाबांनी सांगितलं."

"मंग बाबांनी बघितलं का?"

हा सवाल सुभानाला सुचलाच नव्हता. "थांबा," तो लोकांना म्हणाला. "आजच्या दिस सोनं घरी न्या." आणि तसाच नगराची वाट चालू लागला.

"बाबा, राणीचं सोनं तुमी डोळ्यांनी बघितलं का?" त्याने विचारले.

हैबतीने काठी वर उचलली आणि तशीच खाली घेतली. "न्हाई," तो सावकाश म्हणाला. "बानं सांगितलं, त्येला त्येच्या बानं. आजवर कुणी इचारलंच न्हाई."

सुभानाला त्याचा राग आला, आणि कीवही. मग तो म्हणाला, "आता मी दावतो तिकडं चला." त्याने म्हाताऱ्याला खिंडारापाशी नेले. "हे कधी ढासळलं?"

"कुणास ठावं. बा म्हणायचा, ईज पडली. पर येक सांगतो. पावसाळ्यात हितं कुणी येत न्हाई, म्या असतो. तळं भरलं की जादा पानी ह्याच वाटंनं निघून जातं. बांधाच्या माथ्यावरनं येक थेंब जाताना म्या बघितला न्हाई."

सुभाना खाली बसला. खिंडाराच्या कडेवरून त्याने हात फिरवला आणि चमकला. ढासळलेला दगड वेडावाकडा तुटतो. ही कड छिन्नीने घडवलेली, सरळ होती. खाली सलग कातळ होता. "बाबा, हे पडलं न्हाई," तो म्हणाला. "हे मुद्दाम ठेवलंय!"

हैबतीने काठी बाजूला टाकली आणि तोही वाकून पाहू लागला. सारा जन्म त्या बांधावर काढून ती कड तो पहिल्यांदाच पाहत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढच्या उन्हाळ्यात कुसळवाडीने पुन्हा बांध घातला. या वेळी टोकाला, कातळावर, पाण्याला जायला वाट ठेवली. पावसाळ्यात जादा पाणी त्या वाटेने निघून गेले आणि बांध टिकला. पुढची होळी झाली तरी तळ्यात पाणी होते. तुळजा नथ घालून त्यात हंडा बुडवायला गेली.

हैबती अजूनही वेशीत बसतो. राणीची गोष्ट सांगतो, पण सांगून झाल्यावर म्हणतो, "ही ऐकीव हाय बरं." आणि नवे पाहुणे आले की आधी म्हणतो, "पैलं येकटं फिरून या. जे कळंना, ते मला येऊन इचारा. मग दोघं मिळून बघू."

तात्पर्य: वाटाड्याला नाकारणारा जे दिसते त्याचा अर्थ चुकतो आणि त्याच्या स्वाधीन होणारा पाहायचेच विसरतो, म्हणून आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि जे कळले नाही ते विचारायला लाजू नये.