आवळ्यांच्या हातचं पाणी

रविवार, सकाळी सव्वासात. कुंभारवेशीतला दगडी हौद. निगुडकरांचा नवरदेव ओंजळ धरून उभा आहे आणि इंदूआक्का आवळे तांब्यातून तिच्यात पाणी ओतताहेत. हे पाणी प्यायल्याशिवाय या घराण्याचं वऱ्हाड पुढे सरकत नाही.

हौदावरची शिळा सांगते, 'निगुडकरांनी सर्वांसाठी बांधला.' सर्वांसाठी! मातंग वस्तीतल्या बायका वीस पावलांवर रिकामी घागर घेऊन ताटकळायच्या. वरच्या गल्लीतल्या कुणाला दया आली आणि त्यानं ओतलं, तरच पाणी. शिळेवर हे नाही. ते आक्का सांगतात, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला.

पाच पिढ्यांपूर्वी, म्हणे, निगुडकरांची सून बाळंतपणात गेली. तिचं बाळ, त्र्यंबक, भुकेनं रडून निळं पडलं. तेव्हा मातंग वस्तीतली सुईण सरजा आवळे हिनं त्याला अंगावर पाजलं. वर्षभर, मागच्या दारानं. मग ते दार बंद झालं, घरानं तोंडाला कुलूप घातलं आणि सरजा पुन्हा वीस पावलांवर जाऊन उभी राहिली.

वीस वर्षांनी त्र्यंबकाचं लग्न निघालं. निघताना नवरदेवाला आईनं दुधाचा घोट द्यायचा, ही घरची रीत. आई नव्हती. वाटी कुणी पुढे करायची यावरून बायकांत जुंपली, तेव्हा म्हातारी आत्या चिडून बोलून गेली, "पाजलं जिनं, ती उभी आहे हौदाशी. तिला विचारा!"

त्र्यंबक थेट हौदाशी गेला, असं सांगतात.

"सरजाआई, पाणी काढा. तुमच्या हातानं."

"धाकलं धनी, बाटाल! लगीन मोडंल."

"बाटायचं ते बारशाआधीच झालंय."

सरजा हसली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्या हौदात घागर बुडवली. तो प्यायला. या घरातला प्रत्येक नवरदेव आवळ्यांच्या हातचं पाणी पिऊनच बोहल्यावर चढेल, अशी शपथ त्यानं तिथंच घेतली. मुलीकडचे उठून गेले. मुहूर्त टळला. मुलगी मात्र, हे सांगताना आक्का खुलतात, संध्याकाळी आपल्या पायांनी हौदावर आली नि म्हणाली, "मलाही द्या." लग्न त्याच रात्री लागलं.

आजही ओतताना आक्का नवरदेवाला दटावतात, "सांडू नकोस रे! वीस वर्षं वाट पाहिलीय आमच्या सरजानं." वऱ्हाड हसतं, नवरदेव शेवटचा थेंबही पितो.

त्र्यंबकानं शिळेवर सरजाचं नाव कोरून घेतलं होतं. तिथं आता छिन्नीनं खरवडलेली वीतभर जागा आहे. ती कुणी खरवडली, हे निगुडकरांच्या एकाही पिढीनं सांगितलेलं नाही.